टोपी नसेल तर दंड

मुंबईच्या डबेवाल्यांच्या धंद्यात शिरायचं तर भांडवल स्वतःचं आणावं लागतं. दोन सायकली, डबे मांडायची लाकडी पाटी, पांढरा सुती कुर्ता-पायजमा आणि पांढरी गांधी टोपी. सायकल आणि पाटी भांडवलात का, हे कुणालाही कळेल. पण कपडे? बँकेत कर्ज मागायला गेलेला माणूस आपल्या मालमत्तेत दुकान आणि टेम्पोच्या खाली टोपी लिहीत नाही. डबेवाले टोपी भांडवलात धरतात आणि दंडाच्या यादीतही. कामावर दारू प्यायली तर दंड, न सांगता दांडी मारली तर दंड, उघड्या डोक्यानं आलं तरी दंड.

यशस्वी माणसं रोज एकसारखे साधे कपडे का घालतात, यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ लिहून झालं आहे. त्या लिखाणात स्टीव्ह जॉब्ज असतो, बराक ओबामा असतात, मार्क झुकरबर्ग असतो. डबेवाला नसतो. वास्तविक त्याला यशस्वी म्हणायला हार्वर्ड बिझनेस स्कूलचीही हरकत नाही; तिथल्या स्टीफन थॉम्के यांनी 2010 मध्ये डबेवाल्यांच्या कामावर केस स्टडी लिहिली आणि ती व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते. नोव्हेंबर 2003 मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटले. एप्रिल 2005 मध्ये त्याच चार्ल्स यांच्या लग्नाला रघुनाथ मेदगे आणि सोपान मरे हे दोघे डबेवाले विंडसरला गेले. नवरदेवासाठी पागोटं आणि नवरीसाठी साडी अशी भेट पाठवण्यात आली. राजपुत्राला पागोटं, स्वतःला टोपी. पागोटं समारंभाचं आणि टोपी कामाची, हा फरक या मंडळींना पक्का ठाऊक आहे.

तेव्हा यशस्वी माणसाच्या साध्या कपड्यांची गोष्ट कॅलिफोर्नियाऐवजी मावळातून सांगायला हवी. डबेवाले येतात ते मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून आणि पलीकडच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून. मावळ तालुक्यातल्या माणसाला गाव विचारलं तर तो आधी खोरं सांगतो: आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. तिन्ही खोऱ्यांत पाऊस दांडगा, पीक मुख्यतः भाताचं, आणि शेतं डोंगराच्या कुशीत तुकड्या-तुकड्यांची. पाऊस संपला, भात झोडून झालं की हाताला काम नाही. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली. घाटावरचा गडी गोदीत, गिरणीत, मंडईत ओझी उचलायला जाऊ लागला. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याभोवती अशीच ओझ्याला सरावलेली, एकमेकांच्या नात्यागोत्यातली माणसं जमली.

आज आपल्याला डबेवाला म्हटला की टोपी दिसते, पण महादू बच्चे यांनी पहिला डबा उचलला तेव्हा गांधी टोपी जन्मालाच आलेली नव्हती. ती आली 1920 च्या आसपास, असहकाराच्या वाऱ्याबरोबर. त्याआधीचा मावळी गडी मुंडासं बांधायचा. म्हणजे हा जो 'पूर्वापार' वेश आपण समजतो, त्यातली टोपी धंद्यापेक्षा तीसएक वर्षांनी लहान आहे. ती डोक्यावर चढली एका राजकीय चळवळीमुळे, पुढं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत शेतकऱ्यानं ती आपली केली, वारकऱ्यानं केली, आणि शहरातल्यांनी टाकली तरी तिथंच राहिली. डबेवाल्यांमध्ये वारकरी पुष्कळ, गळ्यात तुळशीची माळ असते. आषाढीला दिंडीत चालताना आणि अंधेरीच्या जिन्यात डबे चढवताना अंगावर तेच. वेगळा गणवेश शिवून घ्यावा लागला नाही. गावात म्हातारे जे घालत होते तेच कामाला लागलं. 1956 मध्ये त्यांच्या संस्थेची ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली तोवर ही टोपी मुंबईकरांच्या नजरेत बसलेली होती.

आता ही टोपी नेमकं काय काम करते ते पाहण्यासारखं आहे. सकाळी नऊच्या सुमारास घरातून उचललेला डबा साडेबारा-एकच्या दरम्यान टेबलावर पोचतो, पण तो एकच माणूस नेत नाही. घरून उचलणारा वेगळा, लोकलच्या मालडब्यातून नेणारा वेगळा, उतरल्या स्टेशनवर वाटून घेणारे वेगळे. वाटेत डबा तीन-चार हात बदलतो. झाकणावरच्या रंगाच्या, अक्षरांच्या आणि आकड्यांच्या खुणा डबा कुठं जायचा ते सांगतात. नेणारा आपला आहे की परका, ते टोपी सांगते. डोक्यावर साठ-सत्तर किलोंची पाटी, समोर दादरचा पूल, पूल माणसांनी भरलेला आणि लोकल मिनिटभरही न थांबणारी. त्या गर्दीत दुरून नजरेला पडावी अशी एकच गोष्ट म्हणजे काळ्या डोक्यांतलं पांढरं डोकं. गर्दीही बाजूला सरकते. इमारतीचा वॉचमन नाव विचारत नाही, लिफ्टवाला कुठल्या मजल्यावर म्हणून अडवत नाही. रोज चार-पाचशे पायऱ्या चढणाऱ्या माणसाची दारात पाच मिनिटं वाचणं म्हणजे पंचवीस डबे वेळेवर जाणं. आणि नवऱ्याच्या जेवणाचा डबा अनोळखी माणसाच्या हातात देणाऱ्या बाईला रोजचा माणूस रजेवर असला, बदली आला, तरी दार उघडायला टोपी पुरते. विश्वास माणसाचा नव्हे, टोपीचा. म्हणूनच एकानं टोपी घातली नाही तर नुकसान सगळ्यांचं, आणि म्हणूनच दंड.

साध्या कपड्यांबद्दलचं जे प्रसिद्ध स्पष्टीकरण आहे त्यात यातलं काहीच येत नाही. ते स्पष्टीकरण असं: माणसाला दिवसभरात ठराविकच निर्णय नीट घेता येतात, मग सकाळी कपाटासमोर उभं राहून त्यातला एक का खर्चा? 2012 मध्ये मायकल लुईस यांनी व्हॅनिटी फेअर मासिकात ओबामांवर लेख लिहिला, त्यात ओबामांनी आपण फक्त करडे किंवा निळे सूट घालतो, काय खायचं आणि काय घालायचं यात निर्णय वाया घालवत नाही, असं सांगितलं. झुकरबर्गनं 2014 मध्ये आपल्या करड्या टी-शर्टचं समर्थन याच धर्तीवर केलं. या विचारामागं रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञाचे 1998 पासूनचे प्रयोग होते: मनाचा निग्रह वापरला की संपतो. कल्पना इतकी पटण्यासारखी की व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी ती तिथल्या तिथं उचलली. 2016 मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर माणसांवर हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून चालू आहे. तरी सकाळी शर्ट निवडल्यानं दुपारी अक्कल कमी पडते, असं छातीठोकपणे सांगण्याची सोय उरलेली नाही.

आणि मावळात हे स्पष्टीकरण पहिल्या पावसातच वाहून जातं. जून ते सप्टेंबर लोणावळ्याला एकेका वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पर्यटकाला भुशी धरणाच्या पायऱ्यांवरचं पाणी दिसतं. घरात राहणाऱ्याला दोरीवरचे कपडे दिसतात. तीन-तीन दिवस काही वाळत नाही. भिंतींना ओल, गाद्यांना वास, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट बुरशी. जुन्या घरांत शेगडीत निखारे घालून वर पालथी टोपली ठेवायची आणि टोपलीवर कपडे पसरायचे. बाळाची दुपटी आणि धन्याचा सदरा एकाच टोपलीवर. अशा हवेत सकाळी उठल्यावर 'आज काय घालू' हा प्रश्न कुणाला पडत नाही. कालचा वाळलाय का, एवढंच विचारायचं असतं.

त्यात पांढरा रंग. वर्षभर पांढरं घालणं म्हणजे साधेपणा असं ज्याला वाटतं त्यानं ते स्वतः धुतलेलं नसतं. लाल मातीच्या चिखलाचा शिंतोडा, पाटीच्या घर्षणानं खांद्यावर पडणारा काळा पट्टा, डब्यातून सांडलेल्या आमटीची हळद. हळद साबणानं लाल होते हे कुठल्याही गृहिणीला विचारा. मग भिजत घालणं, धोपटणं, नीळ देणं, टोपीला कडकपणा यावा म्हणून खळ. मुंबईत दहाजणांत खोली घेऊन राहणारा डबेवाला हे सगळं स्वतः करत असतो, पण गावी राहून पांढरं घालणाऱ्या माणसाचा साधेपणा बहुधा घरातल्या बाईच्या मनगटात असतो. जॉब्जच्या किंवा ओबामांच्या गोष्टीत धुणं कोण धुतं याचा उल्लेख मला कुठं आढळला नाही. निर्णय वाचतो तो एकाचा, काम वाढतं ते दुसऱ्याचं.

जॉब्जची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे, आणि ती वॉल्टर आयझॅक्सन यांच्या 2011 च्या चरित्रात आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जॉब्ज जपानमध्ये सोनीच्या कारखान्यात गेला. तिथं सगळ्यांच्या अंगावर एकच वेश पाहून त्यानं सोनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना कारण विचारलं. मोरितांनी सांगितलं की युद्धानंतर लोकांकडे घालायला कपडेच नव्हते, कंपनीनं दिले, आणि तीच पुढं कंपनीची ओळख झाली. सोनीसाठी फॅशन डिझायनर इसे मियाके यांनी सुटसुटीत जाकीट शिवलं होतं. जॉब्जनं मियाकेंकडून अ‍ॅपलसाठी तसंच काहीतरी करून घेतलं आणि कामगारांपुढं ठेवलं. कामगारांनी त्याची हुर्यो उडवली. सगळ्यांसाठी जमलं नाही म्हणून मग त्यानं आपल्यापुरताच गणवेश केला: मियाकेंनी शिवलेले काळे गळाबंद स्वेटर, शंभरएक. म्हणजे जगभरच्या उद्योजकांनी ज्याची नक्कल केली तो वेश मुळात कारखान्यातल्या नडलेल्या कामगाराचा. गरज वरून गळून पडली आणि साधेपणा तेवढा उरला.

मोरितांनी सांगितलेली पद्धत तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात आता नवलाची नाही. जपानी आणि कोरियन कंपन्यांमध्ये साहेबाच्या आणि लाईनवरच्या पोराच्या अंगावर एकाच रंगाचा शर्ट असतो. मात्र सायंकाळी पाळी सुटली की साहेब त्याच शर्टावर गाडीत बसतो आणि पोरगं शर्ट पिशवीत कोंबून जीन्स-टी-शर्टवर मोटारसायकलला किक मारतं. गणवेश एक असला तरी तो कंपनीच्या गेटबाहेर कुणाला मिरवावासा वाटतो आणि कुणाला लपवावासा, हे काही एक नाही. लोणावळ्यात 1945 पासून नौदलाचं 'शिवाजी' हे इंजिनिअरिंगचं शिक्षणकेंद्र आहे. नौदल या बाबतीत अगदी स्पष्ट: वेशांना क्रमांकच दिलेले असतात, समारंभाचा कुठला, इंजिनरूमचा कुठला. साधेपणाचा आव नाही, निवडीची भानगड नाही, हुद्दा खांद्यावर लिहिलेला.

हुद्दा लिहिलेला नसतो तिथं गंमत होते. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, त्याच्या आगेमागे एमआयडीसी आली, बंगले आले, आणि मावळच्या जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर आला. त्या पैशातून जो पुरुष तयार झाला त्याला पुणे जिल्हा गुंठामंत्री म्हणतो. त्याचाही वेश ठरलेला आणि रोज तोच: पांढरा स्वच्छ लिननचा शर्ट, पांढरी किंवा फिकी पँट, पांढरे बूट, आणि गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची साखळी. निर्णय वाचवण्याचा सिद्धांत खरा मानला तर मावळात सगळ्यांत कार्यक्षम माणूस तोच ठरावा. त्याची आपण टिंगल करतो, आणि झुकरबर्गच्या करड्या टी-शर्टचं कौतुक. तो टी-शर्टही इटलीतल्या महागड्या ब्रुनेलो कुचिनेल्लीचा आणि काही शे डॉलरचा असल्याचं छापून आलं होतं. पुढची गोष्ट अधिक मजेची. 2024 मध्ये झुकरबर्गनं करडा टी-शर्ट सोडला, ढगळ काळे टी-शर्ट घालायला लागला आणि गळ्यात सोन्याची साखळी घातली. वडगाव-तळेगावच्या कुठल्याही चौकात त्याला 'या शेठ, बसा' म्हटलं असतं.

साधं घालण्याची मुभा कुणाला असते, हा प्रश्न इथं टाळता येत नाही. गांधींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला. त्याचा परिणाम झाला, कारण हा माणूस विलायतेत शिकलेला बॅरिस्टर आहे आणि त्यानं सूट घालून सोडला आहे, हे देशाला माहीत होतं. ज्याच्या आज्यानं कधी सदरा पाहिला नाही त्यानं पंचा नेसला तर त्यात कुणाला त्याग दिसणार? बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकं उलट केलं. तळेगाव दाभाड्यात त्यांचा बंगला आहे. मावळच्या उंबऱ्यावर देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. या भागाला त्यांचा चेहरा सुटाबुटातच ठाऊक आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला परिषदेनंतर त्यांनी दलित स्त्रियांपुढं भाषण केलं. त्यात त्यांनी सांगितलं की लुगडं आखूड नेसू नका, वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं पाय झाकून नेसा, आणि जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून द्या. स्त्रियांनी तिथंच लुगडी बदलून नेसली. या बायकांवर साधा वेश शतकानुशतकं लादलेला होता. त्यांना साधेपणाचे फायदे सांगायला कुणी जायला नको होतं. आदराला पात्र दिसण्यासाठी ज्याला कपड्यांची मदत लागते त्याला कपडे नीट निवडावेच लागतात. रोजचा तोच टी-शर्ट परवडतो तो ओळख आधीच मिळालेल्याला.

ओळख मिळवावी लागणारा आणि ती आधीच मिळालेला, या दोघांच्या मध्ये कुठंतरी डबेवाल्याची टोपी आहे. एकेकट्या डबेवाल्याला मुंबई ओळखत नाही. पण टोपी घातली की पाच हजारांची पुण्याई त्याच्या डोक्यावर येते. संख्या पाच हजारांची होती ती कोविडच्या आधी. मार्च 2020 मध्ये काम थांबलं, ऑफिसं घरी गेली, डबेवाले गावी परतले, आणि त्यातले बरेच पुन्हा गेलेच नाहीत. कुणी रिक्षा घेतली, कुणी एमआयडीसीत सिक्युरिटीला लागला. त्यांची पोरं पिंपरी-चिंचवडमध्ये अ‍ॅपवाल्या कंपन्यांचं जेवण पोचवतात. अन्नच पोचवायचं, वेळेतच पोचवायचं, डोंगरातल्याच गावाहून येऊन. वेश भडक रंगाचा टी-शर्ट, पाठीवर चौकोनी पेटी. फरक एवढा की टोपीचा नियम डबेवाल्यांनी निवडून दिलेल्या मंडळींनी केला आणि दंडही तेच बसवतात. टी-शर्टचा रंग कुठल्या मजल्यावर ठरला ते घालणाऱ्याला माहीत नसतं. डबेवाला काम सोडताना आपली लाईन दुसऱ्याला विकू शकतो. टी-शर्टवाल्यानं अ‍ॅप बंद केलं की विषय संपला. वॉचमन त्याला सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवतो.

आतापर्यंत ज्यांच्याबद्दल लिहिलं ते बहुतेक पुरुष, आणि ते आपोआप झालेलं नाही. ऑस्ट्रेलियातला टीव्ही निवेदक कार्ल स्टेफानोविक यानं वर्षभर एकच निळा सूट घातला आणि 2014 मध्ये स्वतःच ते सांगेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या निवेदिकेच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षकांची पत्रं यायची. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या, जीन्स-टी-शर्ट नको म्हणून. पुरुषांचं शर्ट-पँटमध्ये आटोपलं. बायकांसाठी साडी, सलवार, कुर्ता, दुपट्टा असं सविस्तर. पवनेच्या खोऱ्यात वाडीवस्तीवरच्या शाळेत जाणारी बाई पावसाळ्यात ओढ्यातून साडी वर धरून चालते आणि शाळेच्या दारात ती खाली सोडते. तिला रोज एकसारखं घालायची हौस असली तरी सोय नाही: दोन दिवस तीच साडी दिसली तर पोरंसुद्धा विचारतात.

मावळात बायकांचा कामाचा खरा वेश पाहायचा तर जुलैत भातलावणीला जावं. कामशेतच्या पुढं कुठल्याही खाचरात बायका वाकलेल्या दिसतील. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, आणि लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट. नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा; कधी मुंबईहून आलेला, कॉलर विरलेला, पांढऱ्याचा मातकट झालेला. भाताच्या पात्यानं हात चिरतात ते बाह्यांमुळं वाचतात, उघडीप पडली तर ऊन लागत नाही, आणि चिखलानं लुगडं वरून भरत नाही. लावणीला सगळ्याजणी असाच शर्ट घालतात. कुणी ठरवून दिलेला नाही, दंड नाही, त्यावर लेखही नाहीत. शिवाय त्याला खिसा असतो, त्यात मोबाइल राहतो. लुगड्याला खिसा नसतो.